आधी स्वतःचा काटा बघ

अर्ज लिहून देणार नाही. निदान आज नाही, आणि तू म्हणतोस तसा तर कधीच नाही. "सर, पोलिसांची स्पीड गन चुकीची आहे एवढंच लिहा, तुमच्या अक्षराला वजन आहे," म्हणालास. माझ्या अक्षराला वजन असेल, तर ते मी तपासून न घेतलेल्या वाक्याखाली ठेवणार नाही. मोबाइल दे इकडे, समोर बस आणि ऐक. माझं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

हे चलन तू वाचलंस का? नाही वाचलंस. तू फक्त रक्कम वाचलीस आणि घाबरलास. मी सगळं वाचलंय. फोटोत तुझी पिकअप आहे, समोरून घेतलेली. नंबरप्लेट स्वच्छ दिसते, मागच्या क्रेट्सवर बांधलेली निळी ताडपत्रीसुद्धा दिसते. प्लेटच्या जरा वर, बोनेटच्या पुढच्या कडेवर, बारीक फुलीचं निशाण आहे. गनचा नेम तिथे होता. खाली तारीख, वेळ, ठिकाण. अंतर १५० मीटर. वेग ९६. मर्यादा ८०. एवढं सगळं समोर असताना आल्या आल्या तू काय म्हणालास? "सर, हायवेला शंभरची परवानगी आहे, माझा काटा ९८ला होता, तरी मला पकडलं."

शंभर कुणाला? केंद्र सरकारची ६ एप्रिल २०१८ची अधिसूचना आहे. मधे दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर कारला १००, मोटरसायकलला ८० आणि मालवाहू गाडीला ८०. शिवाय जिथे पाटीवर याहून कमी आकडा लिहिलाय, तिथे पाटी खरी. तू वाणगावहून आशागड, चारोटी, तलासरी करत अच्छाडच्या पुढे वापीला माल पोचवतोस, पोट त्याच्यावर चालतं, आणि तुझ्या गाडीला किती वेगाची मुभा आहे हे तुला ठाऊक नाही? मिरचीचा भाव तुला रोजचा रोज पाठ असतो. लायसन्स काढताना परीक्षा दिली होतीस की एजंटाच्या हातात पैसे ठेवले होतेस, हे मी विचारत नाही, कारण उत्तर तुझ्या तोंडावर दिसतंय.

आता गनचं. तुला यंत्रावर शंका आहे ना? शंका घ्यायला मीच शिकवलंय, तेव्हा तिला मी नाही म्हणणार नाही. पण शंका घेणाऱ्याने यंत्र कसं चालतं ते आधी समजून घ्यायचं असतं. नववीत प्रकाशाचा वेग पाठ करून घेतला होता, आठवतो? सेकंदाला तीन लाख किलोमीटर. लेझर गन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे स्पंद सोडते. ते गाडीवर आपटून परत येतात. १५० मीटर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. त्या वेळेवरून अंतर निघतं. असं अंतर ती पाव-अर्ध्या सेकंदात पुन्हा पुन्हा मोजते आणि ते किती भराभर कमी होतंय यावरून वेग काढते. ९६ने येणारी गाडी ०.३ सेकंदात आठ मीटर पुढे सरकते. हे आठ मीटर मोजणं त्या यंत्राला अजिबात जड नाही.

चुका होत नाहीत का? होतात, आणि त्याही सांगतो, कारण अर्धं सांगणं मला जमत नाही. पहिली चूक कोनाची. गन धरणारा रस्त्याच्या मधोमध उभा राहत नाही, कडेला असतो. त्यामुळे गाडी त्याच्या दिशेने अगदी सरळ येत नाही, तिरकी येते, आणि यंत्राला वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्रिकोणमितीतला कोसाइन इथे लागतो. तो तुझ्या लेनपासून आठ मीटर बाजूला होता असं धरलं, तर १५० मीटरवर कोन होतो सुमारे तीन अंश. फरक किती? जवळजवळ नाहीच म्हणावा असा. ९६च्या जागी खरा वेग ९६.१ निघेल. कोन वीस अंशांचा असता, तर खरे ९६ यंत्राला ९० दिसले असते. म्हणजे उभ्या माणसाच्या हातातल्या गनमध्ये कोनाची चूक प्रत्येक वेळी तुझ्याच फायद्याची असते. ही चूक धरून भांडायला गेलास तर दंड कमी व्हायचा नाही.

दुसरी चूक खरी काळजीची. झोत गाडीवर स्थिर न राहता घसरला, समज मोजमाप चालू असताना काचेवरून बंपरवर आला, तर गाडी जेवढी पुढे आली त्यात हे दीड मीटर फुकट जमा होतात. ०.३ सेकंदात दीड मीटर म्हणजे ताशी १८ किलोमीटर. डोळे चमकवू नकोस. यंत्र बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणूनच यंत्र एका मोजमापावर विसंबत नाही. ओळीने घेतलेली अंतरं एकसारखी कमी होत नसली, मधेच उडी दिसली, की आकडा न देता चूक दाखवतं. तरीही हात हलला, नेम चुकला, असं घडू शकतं. तिसरी गोष्ट अंतराची. साधारण लेझरचा झोत हजार मीटरवर तीन मीटर फाकतो, म्हणजे ३०० मीटरवर ९० सेंटीमीटर. फार लांबून नेम धरला आणि शेजारच्या लेनमध्ये दुसरी गाडी असली, तर कुणाचा वेग कुणाच्या नावावर पडला हा प्रश्न विचारायला हवा. तुझ्या बाबतीत अंतर १५० मीटर होतं, झोत जेमतेम दोन वीत रुंद होता, आणि फोटोत तुझ्या आजूबाजूला कुत्रंसुद्धा नाही.

रडारची गन वेगळी. ती डॉपलरच्या नियमावर चालते आणि तिचा झोत पुष्कळ रुंद असतो. अमेरिकेत मायामीला १९७९ साली कोर्टापुढे हे प्रकरण गाजलं. तिथल्या टीव्हीवाल्यांनी रडार गनने एका झाडाचा वेग ताशी ८६ मैल आणि एका घराचा २८ मैल निघताना दाखवला होता, आणि न्यायाधीशांनी रडारवर उभे असलेले खटले फेटाळले. तेव्हा यंत्राला देव मान असं मी म्हणतच नाही. ते तपासायला हवं, वेळच्या वेळी तपासायला हवं, आणि तपासल्याचा कागद मागणं हा तुझा हक्क आहे.

तो हक्क कुठे लिहिलाय? ११ ऑगस्ट २०२१ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. स्पीड गन, स्पीड कॅमेरा, अंगावरचा कॅमेरा, सगळी यंत्रं त्यात आहेत. यंत्र अचूक चालतं याचं प्रमाणपत्र राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून घ्यायचं आणि दर वर्षी नवं करून घ्यायचं. जिथे असा पहारा आहे तिथे आधी लोकांना दिसेल अशी सूचना लावायची. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायची. नोटिशीत फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम द्यायचं. आणि १ जुलै २०२५पासून रडारच्या यंत्रांना वैध मापनाची पडताळणी आणि शिक्काही लागू झाला. तुझ्या बापाच्या वजनकाट्यावर दर साली जो शिक्का मारून घेतात, तोच कायदा. मिरची तोलताना काट्यावर शिक्का नसला तर तू व्यापाऱ्याशी हमरीतुमरीवर येतोस ना? मग इथेही विचार. पोलिसाला शिवी न देता, दात न काढता, लेखी विचार. प्रमाणपत्र कोणत्या तारखेचं, यंत्राचा क्रमांक काय, पाटी कुठे होती. हे प्रश्न सभ्य नागरिकाचे आहेत आणि उत्तर देणं त्यांना भाग आहे.

पण तू हे काहीच विचारलं नाहीस. तू म्हणालास, "गन खोटी आहे." का खोटी? कारण तिने तुला पकडलं. यंत्र तुझ्या बाजूचंही असतं हे तुझ्या ध्यानात आलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या १८३व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की, एका साक्षीदाराला गाडी जोरात वाटली एवढ्यावर कुणालाही दोषी धरायचं नाही, त्याच्या अंदाजाला यंत्राचा आधार हवा. यंत्र नसतं तर रस्त्याकडेचा कुणीही तुला "फार जोरात होतास" म्हणाला असता आणि तू काय दाखवलं असतंस?

आणि शंका घ्यायला तुझ्याकडे तरी कारण कुठे उरलंय? तुझा काटा ९८ दाखवत होता हे तूच मला सांगितलंस. गाड्या बनवणारे काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवणार नाही, किंचित जास्तच दाखवेल असा ठेवतात. काटा ९८, गन ९६. दोन वेगवेगळी यंत्रं, एक तुझ्या गाडीतलं आणि एक पोलिसाच्या हातातलं, एकमेकांना न विचारता तेच बोलतायत. विज्ञानात याला पुरावा म्हणतात. मग गनची तक्रार कशाबद्दल करायची होती तुला? तिने खरं सांगितलं म्हणून?

आता मला जे सगळ्यात जास्त लागलंय ते ऐक. तुझी गाडी २०१५ नंतरची आहे. मालवाहू गाड्यांना तेव्हापासून स्पीड गव्हर्नर बसूनच येतो, ८०ला बांधलेला. ८०च्या पुढे ती जाताच कामा नये. मग ९६ला कशी गेली? मान खाली घालू नकोस, उत्तर दे. लॉक कुणी काढलं? गॅरेजवाल्याने? त्याला पैसे कुणी दिले? तू स्वतः यंत्र फोडलंस, आणि आता दुसऱ्याच्या यंत्रावर बोट दाखवत माझ्या दारात आलास. वर्गात बाकाखाली वही ठेवून कॉपी करणाऱ्याला मी जेवढं रागावलो नसेन तेवढा आज मला राग आलाय. तिथे फार तर मार्क चोरीला जायचे.

फळ्यावर करून दाखवतो, बघ. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ताशी ९६ म्हणजे जवळजवळ २७. समोर काही आलं की डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात ८०वाला ३३ मीटर गेला आणि ९६वाला ४०. पुढे ब्रेक लागले. कोरडा रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक धरले तर ८०वाला आणखी ३६ मीटरवर थांबतो. एकूण ६९ मीटर. त्याच जागी ९६वाल्याचा वेग किती असेल? काढ. मी काढतो. त्याला ब्रेक लावायला उरले २९ मीटर. त्या ठिकाणी तो अजून ताशी ६३ किलोमीटरने चाललेला असतो. नीट ऐकलंस? जिथे एक गाडी उभी राहिली, तिथे फक्त १६ किलोमीटर जास्त वेगाने आलेली दुसरी गाडी ६३ने धडकते. आणि हे रिकाम्या, नव्या गाडीचं गणित आहे. तुझ्या मागे मिरचीचे क्रेट दोन थर जास्त रचलेले, टायरची नक्षी घासलेली, रात्रभर झोप नाही, आणि पावसात अच्छाडपासून चारोटीपर्यंत पाणी साचलेलं. तुझे आकडे याहून वाईट येणार.

समोर काय येतं तेही तुला माहीत आहे. तू इथला आहेस. सोमटा, मेंढवण, आंबोली, कुठेही महामार्ग गावाच्या मधून गेलाय आणि गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली बाई दुभाजकाच्या फटीत थांबून गाड्यांचा अंदाज घेत असते. तिला तुझा ९६ आणि दुसऱ्याचा ८० यांत फरक कसा कळणार? समोरून सरळ येणाऱ्या गाडीचा वेग माणसाच्या डोळ्याला कळत नाही, म्हणून तर गन लागते. आश्रमशाळेतून सुट्टीला घरी चाललेली पोरं साइडपट्टीवरून एकामागोमाग एक चालतात. महालक्ष्मीच्या यात्रेला विवळवेढ्याकडे रात्री पायी निघालेली माणसं पाहिलीस ना? तुझी आई त्यांत असते.

चारोटीच्या सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ला उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. अख्ख्या देशाने बातम्या पाहिल्या, तुम्ही पोरं तर पुलावर उभं राहून फोटो काढत होता. त्यातून काय शिकलात? तीन पदरी रस्ता तिथे पुलापाशी दोन पदरी होतो. गाडी महागातली, एअरबॅग सगळ्या. कंपनीने दिलेल्या माहितीत धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १०० होता आणि धडकेच्या क्षणी ८९. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, दोघेही गेले. आणि तू मला सांगतोस की शंभर म्हणजे काही विशेष नाही. त्या पुलावरून तू आठवड्यातून कितीतरी वेळा जातोस. रस्त्याची चूक होती का? होती, पूल अरुंद ठेवणाऱ्यांना मी सोडत नाही, पाट्या न लावणाऱ्यांनाही नाही. पण रस्ता खराब आहे हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याने तिथे हळू जायचं की जोरात? देशभरात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्राच्या अहवालात त्यांतली ७१ टक्के वेगाच्या खात्यावर आहेत. या आकड्यात आपल्या डहाणू-तलासरीचीही आहेत, आणि त्यांच्या घरी बातमी देणारे टीव्हीवाले आले नव्हते.

तुमची दुसरी खोड. समोरून येणाऱ्याला डिपर मारून सांगायचं, पुढे गन लागलीय. ग्रुपवर टाकायचं, आज अमुक पुलाखाली गाडी उभी आहे. मग सगळे तिथे ७०वर येतात, हात जोडल्यासारखे हळू जातात, आणि दोन वळणं ओलांडली की पुन्हा शंभर. याला मदत म्हणता? ज्याला तू डिपर मारलास तो पुढे मेंढवणच्या उतारावर कुणाला उडवेल तेव्हा तुझ्या डिपरचा त्यात वाटा असेल. पोलिसाची गाडी दिसली तर पाय उचलता येतो, म्हणजे पाय उचलणं तुला जमतं. ते बाकीच्या वेळी का जमत नाही, याचं उत्तर मला हवंय.

आणि दंडाच्या भीतीने तू काय केलंस ते तुझ्या बायकोने सांगितलं. व्हॉट्सअॅपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल आली आणि तू ती उघडलीस. तुझं नशीब, बँकेत त्या दिवशी पैसे नव्हते. सरकार चलन एपीकेने पाठवत नाही. गाडीचा नंबर टाकून सरकारच्या ई-चलन पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक अॅपवर बघायचं, पैसे तिथेच भरायचे, तक्रार असली तर तीही तिथेच करायची. कुणी नाक्यावर "अर्ध्यात मिटवतो" म्हणाला तर त्याला एक रुपया द्यायचा नाही. न भरता साठवून ठेवायचं आणि लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून वाट बघायची, हेही बंद. हलक्या गाडीला कायद्याने एक ते दोन हजार दंड आहे. दुसऱ्यांदा सापडलास तर लायसन्स जमा होतं, हे त्याच कलमात आहे. पैशाची काळजी करतोस, लायसन्सची कर. त्याच्यावर घर चालतं तुझं.

तू घाई का करतोस हेही मला माहीत आहे. शेठ सांगतो, पहाटे चारच्या आत वापीला क्रेट उतरले पाहिजेत, नाहीतर भाव पडतो आणि तुझं भाडं कापतो. वाणगावात मिरची खुडून, निवडून, भरून संध्याकाळ उलटते, त्यात तुझा दोष नाही. पण हे तू मला रडून सांगतोस, शेठला कधी सांगितलंस? तुझ्याच त्या १८३व्या कलमात आणखी एक गोष्ट लिहिलीय जी तू वाचली नाहीस. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पुरा होणारच नाही असा प्रवास अमुक वेळात कर, असा हुकूम देणारा मालकही गुन्हेगार ठरतो, आणि कोर्टाला तसं वाटलं तर तो हुकूमच त्याच्याविरुद्ध पुरावा धरला जातो. शेठचे व्हॉइस मेसेज आहेत ना फोनमध्ये? पुसू नकोस.

आता काय करायचं ते सांगतो. आधी गव्हर्नर. जिथे काढलास तिथे नको, कंपनीच्या वर्कशॉपला जा, ८०ला बांधून घे आणि पावती मला आणून दाखव. मग दंड भर. काटा ९८ दाखवत होता हे कबूल केल्यावर भरायचाच असतो. त्यानंतर इथे ये, आपण दोन कागद लिहू. एक शेठला, तुझ्या सहीने: रात्री अकराच्या आत गाडी भरून मिळाली तरच चारची वेळ पाळता येईल, नाहीतर नाही. तो तोंड वाकडं करेल. त्याला सांग, सरांनी लिहून दिलंय, मी त्याच्या बापालाही शिकवलंय. दुसरा कागद परिवहन खात्याला, माझ्या सहीने, यंत्राच्या वार्षिक प्रमाणपत्राची प्रत मागणारा आणि महामार्गावर मालवाहू गाड्यांची ८०ची पाटी मराठीत, गुजरातीत आणि चित्रात लावा म्हणणारा. ती माझी मागणी आहे, तुझा दंड वाचवण्यासाठी नाही.

हा घे मोबाइल. ऊठ. वर्कशॉप सहा वाजता बंद होतं.